विसूभाऊंचं मळकं विमान

एका जंगलात, मुलांनो, विसूभाऊ नावाचे एक साळिंदर राहत होते आणि त्यांना लढाऊ विमानांचं वेड होतं. खऱ्या नव्हे, इवल्याशा विमानांचं. सावरीचं हलकं लाकूड कोरायचं, डिंकानं चिकटवायचं, रंगवायचं आणि फळीवर मांडून दुरून बघत बसायचं. हसू नका, माझ्याही फळीवर दोन आहेत. विसूभाऊंना वारुळावर चढलं तरी धाप लागे. हे त्यांना ठाऊक होतं. डबक्यात तोंड दिसलं की ते स्वतःलाच म्हणत, "या, वैमानिक!"

त्या जंगलाला हवाई दल होतं. गरुड विमानं चालवत. पंख असताना विमानं कशाला, असं विचारू नका. सरकारी खातं होतं.

दर दसऱ्याला वडाखाली अशा छोट्या विमानांचं प्रदर्शन भरे. परीक्षक ठरलेले, हवाई दलातून निवृत्त झालेले गरुडसाहेब. गेल्या वर्षी विसूभाऊंनी इतकं चकचकीत विमान मांडलं, की माकडिणीनं त्यात बघून केस नीट केले. गरुडसाहेबांनी मात्र चष्मा वर सरकवत विचारलं, "लढाईवरून आलंय की रुखवतातून?"

झालं! सगळं जंगल खो खो हसलं आणि विसूभाऊंचं नाव 'रुखवतवाले' पडलं. ससे बिळातून विचारत, रुखवतवाले, लग्न कधी? विसूभाऊ वरवर हसत आणि घरी येऊन काटे फुलवून बसत. एकदा तसेच रागाच्या भरात भिंतीला टेकले आणि अडकून बसले. त्यांच्या बायकोनं, द्वारकाबाईंनी, ओढून काढलं तेव्हा सुटले. हे नाव पुसल्याशिवाय मरायचं नाही, असं त्यांनी भिंतीला अडकलेले असतानाच ठरवून टाकलं होतं.

मग त्यांनी वर्षभर खपून नवं विमान केलं आणि ते मळवलं. हो, मळवलं! चुलीतली काजळी धूर म्हणून पंखांवर लावली. गेरूचा गंज केला. तेलाचे ओघळ स्वतःच्या काट्यानं एकेक करून ओढले. आधी रंगवायचं आणि मग घाण करायचं, हे कसलं शास्त्र, असं द्वारकाबाईंनी एकदा विचारलंही.

"तुला नाही कळायचं," विसूभाऊ म्हणाले. "अभ्यास लागतो."

द्वारकाबाई चुलीकडे वळल्या.

खंडेनवमी आली. विसूभाऊ उद्याचं आमंत्रण द्यायला जंगलभर हिंडत होते. इकडे द्वारकाबाईंनी रीतीप्रमाणे घरातली हत्यारं पूजेला काढली. विळी घासली, कोयता घासला, कुदळ धुतली. मग त्यांची नजर विमानावर गेली. लढाईचं म्हणजे तेही हत्यारच की! आणि काय बाई ती अवकळा! असं कसं पूजेला ठेवायचं? त्यांनी ते रिठ्याच्या पाण्यानं हलक्या हातानं लख्ख धुतलं, नाकावर हळदकुंकू लावलं, झेंडूच्या पाकळ्यांचा नाजूक हार घातला, खाली इवलंसं लिंबू नि मिरची बांधली आणि धूळ बसू नये म्हणून वर फडकं टाकलं. विसूभाऊ दमून आले ते जेवून झोपलेच.

दसऱ्याला ते ऐटीत वडाखाली गेले. मुद्दाम सशांना पुढे बसवलं. आणि फडकं काढलं.

काजळी नाही, गंज नाही, ओघळ नाहीत. वर्षाची मेहनत मोरीतून वाहून गेलेली आणि वर कुंकू. ससे तोंड दाबून हसायला लागले. गरुडसाहेब वाकले, बघत राहिले, मग त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"आमच्या तळावर खंडेनवमीला विमानं अशीच सजायची," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत कुणी दाखवलं नाही हो. मळ काय, कुणीही फासतो. तुम्हाला हे सुचलं कसं?"

विसूभाऊंनी गर्दीकडे पाहिलं. द्वारकाबाई समोरच उभ्या होत्या. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मग ते नाव जन्मभर चिकटलं असतं, असं विसूभाऊंना वाटलं.

"अभ्यास, साहेब," ते म्हणाले. "वर्षभराचा."

पहिला नंबर आला. रुखवतवाले गेले आणि जंगलात त्यांना सगळे 'अभ्यासक' म्हणायला लागले. द्वारकाबाई घरी येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. घरी आल्यावरही नाहीत. विसूभाऊंना वाटलं, विसरल्या.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला त्यांच्यापुढे विळी, कोयता, कुदळ आणि रिठ्याच्या पाण्याची बादली येऊन बसली.

"घ्या," द्वारकाबाई म्हणाल्या. "मला नाही कळायचं. अभ्यास लागतो."

विसूभाऊंनी काटे खाली पाडले आणि मुकाट्यानं विळी घासायला घेतली.

तात्पर्य : मुलांनो, मन लावून अभ्यास करा. आणि केलेला अभ्यास धुऊन काढणारं कुणीतरी घरात असू द्या. त्याशिवाय पहिला नंबर येत नाही.