उलाळ आणि धुरेजड

मी दगडूनानांच्या बंगईवरचा पाटा उचलला आणि नाना धप्पकन जमिनीवर आले. त्याच सकाळी धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या शाळेत मी तरफेचा धडा शिकवला होता.

चटणी वाटायचा पाटा झोपाळ्यावर काय करत होता, हे कळायला आधी नाना कळायला हवेत.

आमच्या या शेजाऱ्याचा जन्म जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या गाड्या भरून घेण्यात गेला. बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की ती उलाळ होते. जू वर उठतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झालं की धुरेजड. मग बैलांच्या मानेचं भरीत. मधली ती तोलात. काम सुटलं, पण हे तीन शब्द नानांबरोबर घरी आले आणि नाना त्यांत अख्खी दुनिया भरू लागले.

मिरची जास्त पडली की भरीत धुरेजड. कीर्तनकार बुवा "आधी उलाळ होते, आरतीचं ताट फिरल्यावर तोलात आले." माझा मेव्हणा मुली पाहायला धुळ्यात आला, तर नाना त्याच्या तोंडावर म्हणाले, "पाहुणे उलाळ आहेत. एखादी धुरेजड बघा, संसार ओढून नेतील." मेव्हण्याला वाटलं, आपली तारीफ चाललीय. त्याने वाकून नमस्कार केला.

टांग्यात तर नानांबरोबर बसू नये. एकदा स्टेशनवरून येताना त्यांनी एका अनोळखी वकिलाला पुढे टांगेवाल्याशेजारी सरकवलं, वकिलीणबाईंना मधे घेतलं, आणि माझ्या मांडीवर आपला लाल भोपळा दिला. पांझरेच्या पुलावर त्यांनी विचारलं, "आता कसं?"

टांगेवाला म्हणाला, "नाना, तुम्ही उतरले तर अजून तोलात येईल."

हे सगळं हसण्यावारी जात होतं. मग एक दिवस व्याही जेवायला आले. अक्का, म्हणजे नानांची बायको, भाकरी वाढत होत्या. नाना खुशीत येऊन म्हणाले, "आमची ही धुरेजड आहे. म्हणून तर माझ्यासारख्या उलाळ माणसाची गाडी तोलात राहिली."

नानांच्या हिशोबी याहून मोठी स्तुती नव्हती. पण अक्का पहिल्या वाक्यालाच आत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी एदलाबादला भावाचं घर गाठलं. जाताना मला सांगून गेल्या, "मास्तर, त्यांले म्हना, गाडी भरायची तं जिनिंगमा जा. बाईले न्यायचं तं सोता या."

नाना गेले नाहीत. म्हणाले, "मी गेलो तर घर कोण बघेल?" आणि बंगईवर पाटा आला.

त्यांच्या बंगईच्या साखळ्या फळीच्या टोकांपासून बऱ्याच आत होत्या. एका टोकाला कोणी बसलं की दुसरं वर उठायचं. म्हणून नाना इकडच्या टोकाला बसत आणि अक्का तिकडच्या. आता तिकडे पाटा. मी विचारलं, "नाना, सरळ मधे का बसत नाही?"

"मधे बसलो तर तिची जागा कुठं राहिली?" असं म्हणून ते सुपारी कातरू लागले.

आता मी काय करावं? गहिवरून आलं मला. म्हटलं, या माणसाशेजारी बसावं. बसायला जागा हवी, म्हणून पाटा उचलला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

जमिनीवरून नानांनी पहिली चौकशी केली ती घोट्याची नव्हे. "पाटा फुटला का? तिच्या आईनं दिलेला आहे."

घोटा भोपळ्याएवढा सुजला. "एदलाबादला कळवू नका," नाना म्हणाले. "ती म्हणेल, बोलवायची हिंमत नव्हती म्हणून पडला." मी शपथ घेतली आणि तिकडच्या बाजूला निघालेल्या एका केळीवाल्याला सगळं सांगून टाकलं. फक्त पाटा कोणी उचलला, तेवढं वगळलं.

पाट्याला पुन्हा हात लावायची मला मनाई झाली. पण नानांना संध्याकाळी बंगई लागे. तेव्हा अक्कांच्या टोकाला मला बसवण्यात आलं. नाना लंगडत येत, बसत, फळीचा अंदाज घेत आणि म्हणत, "मास्तर, पाट्यापेक्षा तुम्ही हलके. फळी उलाळ होते." मग माझ्या मांडीवर भरलेली कळशी यायची. रस्त्याने जाणारी माझ्याच वर्गातली पोरं मला नमस्कार करायची. कळशी धरलेली असल्याने मला उलट नमस्कारही करता येत नसे.

अशाच एका संध्याकाळी दारात टांगा थांबला. केळीवाल्याकडून बातमी एदलाबादला पोचेपर्यंत नानांचे दोन्ही पाय गेलेले होते. अक्का धावतच आत आल्या. त्यांनी नानांचे पाय मोजले. मग बंगईकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग कळशीकडे.

मी मोठ्या माणसाचा आव आणून म्हणालो, "अक्का, नानांना तसं म्हणायचं नव्हतं. त्यांच्या भाषेत धुरेजड म्हणजे..."

"मास्तर, थांबा," नाना म्हणाले. आणि जमिनीकडे बघत हळूच म्हणाले, "तू गेलीस आणि घर उलाळ झालं."

अक्कांनी पदराने तोंड पुसलं. मग नानांच्या बाजूची फळी खालून हाताने नीट पेलून धरली आणि मला म्हणाल्या,

"उठा आते, मास्तर. तुमनापेक्षा पाटा बरा व्हता. तो बोले तं नही."