वळवळणारी शेवई

सुकन्यानं फ्रीज उघडला. काळ्या कागदात गुंडाळलेली डबी जागेवर होती, पण आत नुसतं पाणी.

"आई! यातला दोरा कुठंय?"

"दोरा? ती शेवई व्हय? पार भिजून गेलती, म्हणून वाळवणात टाकली," पंचफुलाबाई म्हणाल्या.

नांदेडच्या एका कॉलेजात सुकन्या तीन वर्षं त्या बोटभर दोऱ्यामागे लागली होती. उजेड पडला की त्यातले रेणू आपणहून रांग धरणार, दोरा वळणार आणि पुढं कधीतरी त्यातून यंत्रमानवाचे मऊ स्नायू होणार, असं तिच्या प्रबंधात लिहिलं होतं. प्रत्यक्षात तो जेमतेम हलायचा. प्रयोगशाळेतला फ्रीज बिघडला म्हणून तिनं तो भोकरला घरी आणला होता. दुसरा करायला आठ दिवस लागले असते, आणि परीक्षक अकराला येणार होते. आता साडेआठ.

जिन्याच्या पायऱ्या दोन-दोन चढत ती गच्चीवर पोचली. शेजारच्या नीलाबाई वाळवणापासून चार हात लांब उभ्या होत्या. "पंचफुलाबाई, लवकर या! शेवई वळवळून राहिली!"

मागून आलेल्या पंचफुलाबाईंनी वाकून पाहिलं. "शेवई कशाची, जळू हाय ही!" सुकन्या "थांब" म्हणेपर्यंत त्यांनी कमरेची चपटी डबी उघडून त्यातलं काहीतरी बोटानं दोऱ्याला फासलंसुद्धा.

रागवायलाही वेळ नव्हता. सुकन्यानं दोरा उचलून पाण्यात टाकला आणि तशीच खाली धावली. वडिलांनी, अण्णारावांनी, मोटारसायकल काढली. भोकर ते नांदेड "बाबा, जरा जोरात" एवढंच ती बोलली, पण वीसेक वेळा.

परीक्षक दयानंद सरांनी दोऱ्यावर जांभळा दिवा लावला. सुकन्यानं डोळे मिटून घेतले.

"अरे वा!"

दोरा विंचवाच्या नांगीसारखा गरकन वळला होता. दिवा बंद केला, की सरळ. पुन्हा लावला, पुन्हा वळला.

"प्रबंधात तर हे नाही," सर म्हणाले. "काय मिसळलंत?"

सुकन्याला तरी कुठं माहीत होतं? तिनं घरी फोन लावला आणि सरांना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर ठेवला. "आई, सकाळी दोऱ्याला काय लावलंस?"

पलीकडून दबका आवाज आला, "चुना. तंबाखूचा. पर तुझ्या बाबाला बोलू नको बाई. त्यांची तंबाखू सोडवली अन् मीच..."

दाराशी उभे असलेले अण्णाराव पुढं झाले. "ऐकून राहिलो मी."

फोन खटकन बंद झाला.

"फोन पुन्हा लावा," सर वहीवर पेन टेकवून म्हणाले, "चुना किती, ते विचारायचं राहिलं."