इंजिनाबरोबर सासरेबुवाही

गाडीखाली तेलाचा एवढासा डाग पडला, निमित्त तेवढंच. मेकॅनिक म्हणाला, आतलं सील गेलंय, इंजिन बाहेर काढावं लागेल. पण ती जुनी गाडी होती सासऱ्यांची. मुलीच्या हातात किल्ली देताना त्यांनी जावयाकडे ज्या नजरेनं पाहिलं होतं, ती नजर जावईबापूंच्या डोक्यातून जात नव्हती. इंजिन आपणच काढायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. (विमा कचेरीत त्यांनी आजवर काढलेली सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे रजा.)

रविवारी सकाळी गॅरेजात गाडीचं बॉनेट काढून भिंतीला टेकवलं, इंजिनावर उंच लोखंडी तिपाई उभी राहिली, तिला भाड्याची चेनकप्पी लटकली. मदतीला आलेले सासरे, हा ब्रेक फक्त माझंच ऐकतो असं सांगून स्टिअरिंगमागे जाऊन बसले. जावईबापूंनी इंजिनाला साखळी अडकवली आणि ओढायला लागले. इंजिन हललं, वर आलं. त्यांचा ऊर भरून आला. कप्पीवरची नजर न काढता ते ओढत राहिले.

"जावईबापू," गाडीतून शांत आवाज आला, "मलाही बाहेर काढायचं ठरलंय का?"

त्यांनी खाली पाहिलं. पुढची दोन्ही चाकं अधांतरी, आणि सासरे स्टिअरिंगला धरून छताकडे बघत उताणे. इंजिनाचा एक बोल्ट खोलायचाच राहिला होता. जावईबापूंच्या पायांखालची जमीन सरकली. गाडीखालची तर केव्हाच सरकली होती. त्यांना साखळी सोडवेना, धरवेना.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं, चहा टाकतेय, बाबा कुठे आहेत?

जावईबापूंच्या तोंडून जे खरं होतं तेच निघालं.

"बाबा वर गेले."

आत भांडं पडलं. पाठोपाठ पांढरीफटक पडलेली बायको धावत आली आणि दारातच थिजली. वडील जिवंत आहेत याचा आनंद करावा की नवऱ्याचं काय करावं, तिला कळेना.

"अगं, आहे मी," सासरे वरून म्हणाले. "जरा चढावर आहे, इतकंच."

मग तिनंच साखळी उलटी ओढून गाडी टेकवली. राहिलेला बोल्ट सासऱ्यांनी स्वतः खाली वाकून काढला. जावईबापूंना तोवर स्टुलावर बसवून पाणी दिलं होतं.

पुढच्या रविवारी नवं सील घालून इंजिन परत आत उतरवलं. किल्ली फिरवली आणि ते चक्क सुरू झालं. हा धक्का जावईबापूंना पहिल्यापेक्षा जबर बसला.

सासऱ्यांनी गाडी रस्त्यावर काढली, शेजारी लेक, मागे जावईबापू. लोक थांबून बघत होते. दुकानदार पायरीवर आले. जावईबापू खिडकीतून हात बाहेर काढून प्रत्येकाला हसून अभिवादन करत होते.

बराच वेळ असा गेल्यावर सासरे म्हणाले, "जावईबापू, बॉनेट गॅरेजातच राहिलंय. आम्हाला दोघांना निघतानाच दिसलं होतं. पण तुम्ही इतके खुशीत होता, ही म्हणाली, राहू दे."

जावईबापूंनी हळूच हात आत घेतला आणि काच वर करायला लागले. ती अर्ध्यावर अडकली.