पंधरा बरण्या आणि एक हिरवं झाकण

मी चंद्रप्रकाश परुळेकर. कांजूरमार्ग पूर्वेला माझ्या तोडीचा गुप्तहेर नाही. पश्चिमेलाही नसावा, पण गुडघ्यांमुळे पूल ओलांडून खात्री केलेली नाही. बत्तीस वर्षं मी पाण्याचे मीटर वाचले. शेवाळलेल्या काचेआडचा आकडा ज्याला टॉर्चशिवाय दिसतो, त्याला माणसाचा चेहरा वाचायला कितीसा वेळ लागणार? निवृत्तीनंतर आमच्या सोसायटीतली दोन गाजलेली प्रकरणं मी हाताळली, टाकीचं झाकण आणि दुसऱ्या मजल्यावरची डावी चप्पल. दोन्ही वस्तू पुढे आपोआप सापडल्या, पण तोवर मी त्यांच्या बऱ्याच जवळ पोचलो होतो. बायको नलिनी या कामाला 'रिकामपण' म्हणते. मोठ्या माणसांच्या घरी हे चालायचंच.

चोवीस डिसेंबर, बुधवार, सकाळचे आठ. नलिनी बँकेत कामाला गेली होती. मी चहा घेत टेबलावरच्या काचेच्या बरणीतले शंकरपाळे खात होतो. या खेपेला तिने ते शंखासारखे वळून वर साखर लावली होती. असले बारकावे सामान्य माणसाच्या नजरेतून सुटतात. हिरवं झाकण बाजूला ठेवून मी चौथी मूठ भरली आणि बेल वाजली.

दारात तिसऱ्या मजल्यावरची सिंथिया. ही नर्स आहे, उंची जेमतेम पाच फूट आणि आवाज विक्रोळीपर्यंत जाणारा. आज मात्र ती कुजबुजत होती. काहीतरी भयंकर घडलंय हे मी तिथेच ओळखलं.

"चंदूअंकल, माझ्या बरण्या गेल्या."

गुप्त बोलणी घरात करायची नसतात, म्हणून टेबलावरचा एक कागद बरणीखालून ओढून घेतला, त्याची कोरी बाजू वर केली आणि दार लोटून बाहेर आलो. सिंथियाने सांगितलं ते असं. तिची सासू विनी आजी मार्चमध्ये पडली, खुबा मोडला. नवरा रोनाल्ड जहाजावर. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, त्यामुळे आजी तेव्हापासून खाली उतरलेली नाही. चौऱ्याऐंशी वर्षांत पहिल्यांदाच ती चर्चमधला येशूजन्माचा गोठा बघायला जाणार नव्हती.

"परवा मला म्हणते, आता माझा नाताळ खिडकीतून. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, अंकल."

म्हणून सिंथियाने ठरवलं, आजी खाली जात नाही तर नाताळ वर आणायचा. वर्षभर तिने लोणच्याच्या, जॅमच्या, कॉफीच्या बरण्या जमवल्या होत्या. पंधरा. काहींत तळाशी मीठ पसरायचं, बर्फासारखं, वर बॅटरीचे छोटे दिवे सोडायचे आणि जिन्याला ओळीने लावायच्या. बाकीच्यांत कोकम सरबत आणि आल्याची वाईन, तीही बिनदारूची, कारण आजीच्या गोळ्या चालू आहेत. सात वाजता चर्चची गाणारी मंडळी वर येणार. आजीला पत्ता लागू द्यायचा नव्हता.

"काल दुपारी धुऊन दाराबाहेरच्या बाकावर पालथ्या घातल्या आणि ड्युटीला गेले. रात्री आले तर बाक रिकामं. आजी झोपलेली. तिला विचारू कसं, सगळं फुटेल ना. आता परत ड्युटी आहे, पाचला येते. तुम्ही गपचूप बघाल?"

"काही खूण?"

"एकीला हिरवं झाकण आहे. कॉफीची."

मी लिहून घेतलं. हिरवं झाकण. त्याखाली दोन रेघा मारल्या. तिचे डोळे भरले होते, आणि खरं सांगतो, मी तिसरीही रेघ मारली. विनी आजी दरवर्षी मला 'चंदू' म्हणून केकचा कडेचा तुकडा देते. मला तोच आवडतो.

आता माझी पद्धत. थेट विचारणं हे हौशी लोकांचं काम. 'तुमच्याकडे बरणी आहे का' असं विचारलं की चोर सावध होतो. मी आडून जातो.

गेटवर वॉचमन धोंडिराम होता.

"काल संध्याकाळी कोणी संशयास्पद माणूस वर गेला?"

"नाय साहेब. मीच गेलो होतो. विनी आजींनी बोलावलं होतं. वाटायचं काम होतं त्यांचं."

"आजींचं काम म्हणजे तू सुटलास." मी त्याचं नाव खोडलं.

"पण साहेब, तुमच्या घरीपण मी..."

"माझ्या घराकडे नको, गेटकडे लक्ष दे."

साक्षीदाराला बडबडू दिलं की तपास भरकटतो.

दुसऱ्या मजल्यावर अंबादासच्या दाराआडून तळणीचा वास येत होता. हा एकटा राहणारा माणूस, आयुष्यात चहाशिवाय काही उकळलेलं नाही, आणि आज हातात झारा.

"काय तळतोस?"

"चिवड्याचे पोहे. जा ना काका, जळतील."

बुधवारी सकाळी चिवडा? मी लगेच सिद्धांत मांडला. अंबादास काच वितळवतोय आणि वास लपवायला पोहे तळतोय. हा सिद्धांत मला जिना उतरेपर्यंत पटला. मग आठवलं, काच वितळायला लागते तेवढी आच गॅसवर मिळत नाही. त्याचा चहासुद्धा नेहमी कोमट असतो.

तळमजल्यावरची अक्षता मढ बेटावर शूटिंगच्या बंगल्यांवर सामानसुमान बघते. म्हणजे उघड होतं, मालिकेत दारूचा अड्डा दाखवायचाय आणि तिला बरण्या हव्यात. तिने दार कोपराने उघडलं. दोन्ही हात चिकट.

"मढला सध्या काय चाललंय?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मी सुट्टीवर आहे. तिळाचे लाडू वळतेय. पाक कडक झाला तर वाट लागेल यार काका, नंतर या ना."

संक्रांतीला तीन आठवडे बाकी असताना तिळाचे लाडू. मी नोंद केली. मग भंगारवाल्याकडे गेलो आणि 'काचेचा धंदा काय म्हणतो' असं आडून विचारलं. त्याला वाटलं मला काहीतरी विकायचंय. अर्धा तास तो माझ्या चष्म्याचा भाव करत होता.

दुपारी घरी येऊन विचाराला बसलो. विचाराला मला शंकरपाळे लागतात. बरणीचा तळ दिसला तेव्हा सगळा उलगडा झाला. एकाच दिवशी, आडवारी, अख्ख्या बिल्डिंगीत प्रत्येक घरी काहीतरी तळलं, भाजलं, वळलं जात होतं आणि प्रत्येक जण मला दारातून कटवत होता. याला संगनमत म्हणतात. चोर एक नव्हता, चोर सोसायटी होती. मी ग्रुपवर मेसेज टाकला, 'साडेपाचला सर्वांनी तिसऱ्या मजल्यावर हजर राहावे. कारण तिथे कळेल.' सगळ्यांनी अंगठे पाठवले. गुन्हेगाराचा आत्मविश्वास हा असा असतो.

साडेपाचला मी तिसऱ्या मजल्यावर सिंथियाच्या दारापाशी उभा राहिलो, जिन्याकडे पाठ करून. समोर नुकतीच आलेली सिंथिया.

"सिंथिया," मी हलक्या आवाजात सुरुवात केली, "ज्यांच्याबरोबर तू रोज जिना चढतेस, त्यांच्यातल्या प्रत्येकाचे हात या प्रकरणात बरबटलेले आहेत."

तिचे डोळे मोठे झाले. तोंड उघडं पडलं. माझ्या बोलण्याचा परिणाम होतोच, पण इतका कधी झाला नव्हता.

"अंकल, मागे बघा."

मागे अख्खा जिना भरला होता. अंबादास, अक्षता, बाकी सगळे, आणि प्रत्येकाच्या हातात एकेक काचेची बरणी. चिवडा, तिळाचे लाडू, चकल्या, बेसनाचे लाडू, नाचणीची बिस्किटं. मी कबुलीजबाबासाठी कागद काढला. तेवढ्यात सिंथियाच्या घराचं दार उघडलं आणि वॉकर टेकत विनी आजी बाहेर आली.

"आलात सगळे? बरं झालं. या सिंथियाला मी कालपासून सांगायचं म्हणते. दिवाळीला सगळ्यांनी फराळ पाठवला, आणि ही बाई त्यांच्या बरण्या धुऊन बाकावर ठेवून मोकळी. रिकामी बरणी कोणी परत करतं का? मी आमचे नाताळचे कुलकुल, शंखासारखे वळून साखर लावलेले, त्यांत भरले आणि धोंडिरामला दिल्या वाटायला. पंधरा बरण्या, पंधरा घरं. मोजून बरोबर."

"आणि आजींची बरणी आम्ही तरी रिकामी कशी आणणार?" अंबादास म्हणाला. "सकाळपासून दोनदा पोहे जाळले मी."

बँकेतून दमून आलेली नलिनी गर्दीतून वर आली. "आमची कुठाय? मी चिठ्ठी लिहून ठेवली होती बरणीखाली." तिने माझ्या हातातला कागद घेऊन उलटा केला आणि सगळ्यांसमोर वाचला. 'आजींचे कुलकुल आहेत. दोनच खा. संध्याकाळी करंज्या भरून बरणी परत करायची आहे.' मग तिने मागची संशयितांची यादी पाहिली आणि मालवणीत उतरली. "तुमचे डोळे खंय असतत ओ?"

ती खाली जाऊन बरणी घेऊन आली. हिरव्या झाकणाची. आत साखरेचे चार कण होते. पंधरा घरांत रिकामं भांडं परत करणारा मी एकटा. मीटरच्या खड्ड्यात उतरायची इतकी इच्छा मला नोकरीतही झाली नव्हती.

सिंथिया हसत होती आणि रडत होती. आजीपासून आता काही लपलेलं नव्हतं. पण खाली फाटकातून गिटार ऐकू येत होती, मंडळी वेळेच्या आधीच आली होती, आणि चौदा बरण्या गळ्यापर्यंत भरलेल्या. दिवे घालायचे कुठे? तिने इकडेतिकडे पाहिलं, नलिनीच्या हातातली बरणी घेतली, तळाशी मूठभर मीठ पसरलं, दिव्यांची माळ आत सोडली आणि आजीच्या खुर्चीपाशी ठेवली. बटण दाबलं. मीठ चमकलं.

मंडळी जिना चढत गायला लागली. बाकीचे पायऱ्यांवर बसून भराभर चिवडा संपवत होते, बरण्या विसळत होते. कोकम सरबताला चिवड्याचा वास लागला, तरी ते संपलं. आजी खुर्चीत बसून त्या एका दिव्याकडे बघत होती.

"सिंथिया, ती खिडकी लावून घे गं," ती म्हणाली. "वारा येतो उगाच."

मग तिने मला जवळ बोलावलं आणि केकचा कडेचा तुकडा हातावर ठेवला. "चंदू, तुझी एकच रिकामी आली बघ. नाहीतर दिवा कुठे लावला असता?"

"म्हणूनच रिकामी ठेवली होती, आजी," मी म्हणालो.

नलिनीने कपाळाला हात लावला, अंबादासला ठसका लागला. आजीने मात्र मान हलवली आणि म्हणाली, "मला माहीत होतं."