न लिहिलेला एक

भोयर सर अकरावीच्या पेपरात बरोबर उत्तराचाही अर्धा मार्क कापायचे. मिथेन जाळायचा, तर समीकरणात ऑक्सिजनच्या आधी दोन लिहायचे. पण पोराने मिथेनच्या आधी एक लिहिला की यांचा लाल पेन चाललाच. "काऊन लिवला एक? रेणू उभा हाये ना तिथं, दिसून नाई राह्यला का?"

आर्वीच्या आमच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवतात, मी मराठी. घरंही शेजारी, त्यामुळे माझी सुटका नव्हती. एकदा म्हटलं, "सर, लिहिला एक तर काय आभाळ कोसळतं?" तर म्हणाले, "मोनोकार्बन डायऑक्साइड म्हनते का कोनी, मॅडम? एक असला तं बोलाचा नाई, लिवाचा नाई. समजून घ्याचा."

हा नियम त्यांनी फळ्यावरून थेट संसारात आणला होता. एसटीत नुसतं "हिंगणघाट" म्हणायचे. कंडक्टरने "किती?" विचारलं की खिडकीबाहेर बघायचे. बायको, म्हणजे कुसुमताई, सोबत असल्या की मात्र अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं, "दोन हिंगणघाट!" कुसुमताई पदराआड हसायच्या. त्यांचं माहेर तिकडचं.

मागच्या उन्हाळ्यात कुसुमताई वारल्या. तेरवी आटोपली, कॉलेज सुरू होताच सर पुन्हा शिकवायला लागले आणि पहिल्याच चाचणीत अर्धे मार्क कापले. माणूस दगडाचा आहे, असं स्टाफरूममध्ये बोललं गेलं. मीही मान डोलावली.

दर हिवाळ्यात आमच्या कॉलनीत दुपारी रोडगे आणि वांग्याच्या भाजीचं जेवण असतं. यादी माझ्याकडे: ज्याने त्याने आपलं नाव लिहायचं, आणि त्यापुढे माणसं किती. सरांच्या नावापुढे दरवर्षी टपोरा दोन असायचा. यंदा नाव होतं, पुढचा रकाना कोरा. येणार नसतील, असं धरून मी नाव खोडलं. दहा पावलं चालून विचारायचा कंटाळा, दुसरं काय!

जेवणाच्या दिवशी सर इस्त्रीचा शर्ट घालून, घरचा पाण्याचा गडू घेऊन आले. वाढणारा साध्या मनाने म्हणाला, "सर, तुमी? मॅडमनं तं तुमचं नाव खोडलं." पंगत वर बघायला लागली. "हो का," म्हणून सर माघारी वळले.

मी ताट वाढून त्यांच्या मागे धावले. ते आपल्या घराच्या पायरीवर बसले होते, गडू तसाच हातात.

"चुकलं माझं, सर. पण आकडा लिहायचा ना!"

"एक असला तं लिवत नाई, मॅडम." मग गडूकडे बघत, "पन मोजा लागते त्याले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यादी पर्समध्येच होती. तिथेच पायरीवर बसून मी त्यांचं नाव पुन्हा लिहिलं आणि पुढे एक मांडला. सर त्या आकड्याकडे बघत राहिले. त्यांनी अर्धा मार्क कापला नाही.