दाजींच्या पेशींना अकराला भूक लागते

माझ्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं संपायच्या आत दाजींनी आपल्या हातातल्या अक्षता माझ्या हातात ओतल्या. म्हणाले, "अकरा वाजत आले. पेशींना खायला घालायचंय." आईने मागून विचारलं, "कोठे चालनात, जवाईबापू?" तोवर ते रिक्षात बसले होते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अख्खी नोकरी सुरतेतल्या एका प्रयोगशाळेत, एका रिसेप्टरवर. ते काय असतं, हे त्यांनी मला एकदा समजावलं. पेशीच्या अंगावर ठरावीक जागा असते, बाहेरून आलेला निरोप तिथे बसतो, मग एकाने दुसऱ्याला सांगत तो आत पोचतो. निरोप भलताच असेल तर बसतच नाही.

"म्हणजे सुती कापडाचा रंग पॉलिएस्टरवर चढत नाही, तसं?"

"अगदी तसंच, सुरेशराव!"

सुरतेच्या पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या डाइंग मशीनवर मजूर म्हणून लागलो तेव्हा हे मला आठ दिवसांत कळलं होतं. आज तिथेच माझं स्वतःचं युनिट आहे. दाजींनी तीस वर्षं घातली, वर म्हणायचे, "अर्धंच कळलंय."

सगळं जग त्यांना त्या रिसेप्टरमधूनच दिसे. हाकेला कोणी ओ दिली नाही की म्हणत, "निरोप पोचला, आत घेतला नाही." मी कामगारांवर ओरडत होतो तेव्हा मला ऐकवलं, "एकच निरोप सारखा आला की पेशी रिसेप्टर आत ओढून घेते. तुमच्या माणसांनी तेच केलंय." माझी बायको पदर तोंडाला लावून हसली. मी नाही हसलो.

मुलीच्या लग्नानंतर, तीन वर्षांपूर्वी, ताई गेली. दहाव्याला तापीच्या काठी पिंड मांडलेले, कावळा शिवायचा होता, आणि दाजी घड्याळ बघून उठले. "पेशी उपाशी आहेत." त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

गेल्या महिन्यात त्यांचाच फोन आला. रिटायर झाल्यावरही प्रयोगशाळेतला एक कोपरा त्यांच्याकडे होता, तो आता काढून घेणार होते. "तुम्हाला भाव करता येतो. जरा बोलता का?"

मी गेलो. घासाघीस करायला बोलावलं तर मी दुश्मनाकडेही जातो.

विभागाच्या प्रमुख एक गुजराती बेन होत्या. मी म्हटलं, "सहा महिने द्या."

"पंधरा दिवस."

"चार महिने."

"आ कापड मार्केट नथी, भाई."

माझा आवाज चढला. "जिवंत पेशी आहेत त्या! मारणार का?"

"मारायच्या कशाला? गोठवून ठेवू. वर्षानुवर्षं टिकतात. सर रिटायर झाले तेव्हापासून सांगते मी. त्यांचा प्रयोग तरी कुठे चालू आहे?"

दाजी खिडकीकडे बघत होते. मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. "गोठवता येतात? मग ताईच्या दहाव्यालाही गोठवता आल्या असत्या!"

"आल्या असत्या. दुसऱ्या कोणी खायला घातलं असतं, तरी चाललं असतं."

"मग पळालात कशाला?"

ते चष्मा पुसत राहिले. पुसलेलाच पुन्हा पुसला.

"तिथे मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. इथे होतं." मग हळूच म्हणाले, "घरी आता उशीर का झाला म्हणून कोणी विचारत नाही, सुरेशराव. अकराला कुठंतरी पोचायचं असलं, की सकाळी उठणं होतं."

तीन वर्षं घोळवलेली शिवी तोंडाशी आली होती. ती गिळली. परत आत जाऊन बेनना म्हटलं, "गोठवा."

जिन्यात मी दाजींना सांगितलं, "उद्यापासून अकराला युनिटवर यायचं."

"काम काय?"

"काही नाही. उशीर झाला तर मी विचारणार, का झाला म्हणून."

दुसऱ्या दिवशी साडेदहालाच ते गेटवर हजर. वॉचमन खुर्ची पुढे करत होता, आत चला म्हणत होता. दाजी मनगटावरचं घड्याळ बघत तसेच उभे.

मीही केबिनच्या काचेतून अकरा वाजायची वाट बघत बसलो.