तराजूवर घेतलेला सर्व्हर

उस्मानभाईंच्या हातात कुठलीही वस्तू द्या, ते आधी तिचं वजन करतात. मोबाइल असो, कुलूप असो, डॉक्टरांनी दिलेली गोळ्यांची डबी असो. माझी मुलगी झाली तेव्हा मी पेढे घेऊन गेलो, तर त्यांनी पेढ्याचा पुडा तळहातावर दोनदा उडवला आणि म्हणाले, "माल चांगला हाय. पोरगी किती भरली?" मी आकडा सांगितला. त्यांनी मान डोलावली. "दम हाय पोरीत."

घाटनांदूरच्या बाजारात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर आहे आणि शेजारी उस्मानभाईंचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, पडद्यामागेच त्यांचं घर. पंचक्रोशीतल्या विहिरींवरच्या आणि बोअरच्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडे येतात. ते जुनी तार काढतात, नवी तांब्याची तार भरतात, वॉर्निशमध्ये बुडवून उन्हाला ठेवतात. चाळीस वर्षं हाच उद्योग. त्यामुळे त्यांनी जगातल्या वस्तूंच्या दोनच जाती केल्या आहेत. ज्यात तांबं आहे त्या आणि ज्यात नाही त्या. दुसऱ्या जातीचं त्यांच्या लेखी नाव 'हलका माल'. हे नाव ते माणसांनाही लावतात. एका पुढाऱ्याला लावलं होतं, तेही त्याच्या समोर.

अशा माणसाने मागच्या हिवाळ्यात माझ्या सेंटरमध्ये येऊन खुर्ची ओढली आणि विचारलं, "परकाश, घरचा सर्व्हर बनवता येतो का बे?"

मला आधी वाटलं, सर्व्हर डाऊन आहे हे मी गिऱ्हाइकांना दिवसातून वीसदा सांगतो, त्याचा हा टोमणा असावा. पण नाही. भाईंनी फोनवर कुठला तरी व्हिडिओ बघितला होता. एक मशीन घरात ठेवायचं, त्यात पिक्चर, फोटो, लग्नाच्या शूटिंगा सगळं भरायचं आणि मग आपली माणसं जगात कुठंही असोत, त्यांनी आपापल्या टीव्हीवर ते लावायचं.

"चार घरं एका टायमाला ओढली पायजे," ते म्हणाले. "मधी थांबलं न्हाई पायजे. एक मिनिट न्हाई."

चार घरं म्हणजे चार मुली. नसीम परळीला, शाहीन उदगीरला, तरन्नुम सोलापूरला आणि धाकटी रुबिना, जिला सगळे छोटी म्हणतात, ती नुकतीच लग्न होऊन बिदरला गेलेली. या चौघी घरात होत्या तेव्हा दर शुक्रवारी जेवणं झाली की आईला मधे घेऊन पिक्चर बघायच्या. मी माझ्या खुर्चीत बसून भिंतीपलीकडचं हसणं ऐकलेलं आहे. चौघी एकदम हसल्या की भाईंच्या टेबलावरचे नटबोल्ट हलत असत. भाई मात्र कधी आत जाऊन बसले नाहीत. बाहेर कोणाची तरी मोटार जळालेली असायचीच.

आता घर एकदम गप्प झालं होतं. मी म्हटलं, "भाई, त्यापेक्षा रोज एक फोन करा ना पोरींना."

"न्हाई रे. पोरीच्या सासरी बापानं रोज फोन करू न्हाई. सासूला वाटतं, हिचा बाप चौकशी लावतो. छोटीच्या घरी तर चौदा माणसं. फोन केला की ती 'हां अब्बा, ठीक हूँ' म्हनती आन् ठेवती. ठीक हाय का न्हाई, कसं कळावं?" मग लगेच आवाज चढवून, "ते जाऊं दे. सामान सांग!"

आणि मग जे सुरू झालं ते सहा महिने चाललं.

आमच्या गल्लीत कॉम्प्युटरमधलं कळणारा मी एकटाच, असा माझा तोवर समज होता. मी एका कागदावर यादी लिहून दिली. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, पॉवर सप्लाय. भाईंनी ती यादी गिऱ्हाइकाच्या जळक्या मोटारीकडे बघावं तशी बघितली. "ह्यात तांबं कशाकशात हाय?"

आम्ही लातूरला गेलो. दुकानदार पोरसवदा आणि फार गोड बोलणारा. त्याने प्रोसेसरची डबी पुढे केली. "काका, आठ कोर आहेत."

"आठ कॉइली?"

"तसंच समजा."

"लोड आल्यावर गरम किती होतो? उलटा हात ठेवून धाच्या आकड्यापत्तोर मोजता येतं का?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं. पण प्रश्न अडाणी नव्हता. चालू मोटारीच्या अंगावर भाई हाताची उलटी बाजू ठेवतात आणि मनात दहा मोजतात. दहापर्यंत हात टिकला तर मोटार ठीक. वैशाखात आमच्याकडे पत्र्याखाली माणूस टिकत नाही, तिथे प्रोसेसर टिकणार का, हा प्रश्न आम्हाला पडायलाच हवा होता. मला पडला नव्हता.

पॉवर सप्लायची पाळी आली तेव्हा भाईंनी पिशवीतून तराजू काढला. स्प्रिंगचा, हुकवाला, जुनं तांबं मोजायचा. सहा पॉवर सप्लाय एकेक करून त्याला लटकवले. दुकानातली गिऱ्हाइकं आपली खरेदी सोडून बघायला आली. एकाने तर "ह्याचं बी बघा की" म्हणून आपला नवा स्पीकर पुढे केला. भाईंनी सगळ्यात जड पॉवर सप्लाय उचलला. "हा. बाकीचे पत्र्याचे डबे हायेत."

मी येताना एसटीत त्यांना भरपूर हसलो. मग घरी येऊन सहज वाचलं, तर जाणकार मंडळींनीही तेच लिहिलेलं. हलका पॉवर सप्लाय बहुधा कच्चा असतो. आत गुंडाळ्या कमी, धातू कमी. हे मी भाईंना चार दिवस सांगितलं नाही.

हार्ड डिस्कच्या वेळी कहर झाला. मोटारीचं बेअरिंग खराब आहे का, हे भाई लांब स्क्रू-ड्रायव्हरने ऐकतात. टोक मोटारीवर, मूठ कानाला. लातूरच्या दुकानात त्यांनी डिस्क चालू करायला लावली, तिच्यावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि डोळे मिटले. दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळालं. "काका, काका, वॉरंटी जाईल!"

"चूप. माल बोलतोय." थोड्या वेळाने डोळे उघडले. "ही घुरघुर करती. दुसरी लाव."

पाचव्या डिस्कला पसंती मिळाली, मग तिची जोडीदार शोधली. एकीतलं सगळं दुसरीतही ठेवायचं, एक गेली तरी काही बुडत नाही, हे मी समजावलं तेव्हा भाई फार खूश झाले. "मोटारीचं बी असं असतं तर माझं दुकान कवाच बंद पडलं असतं!"

राहता राहिली एसएसडी. सर्व्हर ज्याच्यावर सुरू होतो ती छोटी चपटी डबी. ती लातूरला नव्हती म्हणून मी ऑनलाइन मागवली. पार्सल आलं तेव्हा मी नेमका अंबाजोगाईला गेलो होतो. परत आलो तर भाई दारातच उभे.

"फसवलं आपल्याला. रिकामी डबी पाठवली."

"रिकामी?"

"वजनच न्हाई. हलवून बघितली, आवाज न्हाई. स्क्रू-ड्रायव्हर लावला, मुकी. दिली परत."

त्यांनी पार्सलवाल्याला थांबवून, माझ्याच सेंटरच्या फोनवरून 'आत माल नव्हता' अशी तक्रार नोंदवून डबी परत पाठवलेली. कंपनीने माफी मागून दुसरी पाठवली. तेव्हा मी जेवायला गेलो होतो. दुसरीही परत गेली. "दुसऱ्यांदा बी रिकामी! कंपनीत चोर हायेत, परकाश." तिसरी आली तेव्हा मी पार्सलवाल्याची वाट बघत सकाळपासून पायरीवर बसलो होतो. भाईंच्या हाताला लागू न देता जोडली, मशीन चालू केलं आणि ते पापणी लवायच्या आत उभं राहिलं.

भाई बराच वेळ त्या डबीकडे बघत राहिले. आयुष्यभराचा हिशोब चुकल्यासारखा चेहरा. मग म्हणाले, "तांबं न्हाई. पन इमान हाय."

पेटी त्यांनी स्वतः केली. बाजारातल्या सगळ्या पेट्या त्यांना हलक्या वाटल्या. मग पाण्याच्या मोटारीच्या जुन्या स्टार्टरचा जाड पत्र्याचा डबा घेतला, त्याला ड्रिलने दोनशे भोकं पाडली, आत दोन पंखे बसवले आणि स्टार्टरची बटणं तशीच ठेवली. हिरवं दाबलं की सर्व्हर चालू, लाल दाबलं की बंद. दुकानात भिंतीला टांगलेला तो डबा बघून युसूफ वडगावचा एक शेतकरी म्हणाला, "भाई, कितीचा हाय? पाच हॉर्सपॉवरचा का साडेसातचा?"

"चार पोरी ओढतो एका टायमाला," भाई म्हणाले. शेतकरी बिचारा डब्यापासून दोन पावलं मागे सरकला.

मला मात्र आता झोप उडाल्यासारखं झालं होतं. खोटं कशाला बोलू, भाईंचं वेड मला लागलं होतं. मी फॉर्म भरता भरता मध्येच उठून त्यांच्याकडे जायचो. जुन्या डीव्हीडी, लग्नाच्या शूटिंगा आम्ही भरल्या. चारी जावयांना फोन करून टीव्हीवर ॲप टाकायला लावलं. कोण काय बघतंय, पिक्चर कुठवर आलाय, हे सर्व्हरच्या एका पानावर दिसतं. ते पान मी भाईंच्या दुकानातल्या जुन्या मॉनिटरवर लावून दिलं.

आणि शुक्रवार ठरला. तीन वाजता चारी घरांनी एकच पिक्चर लावायचा. पोरी लहानपणी ज्याला हसून हसून लोळायच्या तोच, विनोदी. आत पोरींची आई, आमच्या भाभी, त्याही तोच लावणार.

भाई नमाजहून आले ते थेट मॉनिटरसमोर बसले. अंगात नवा कुर्ता. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. मागे कूलर घोंघावत होता.  लोड आला आणि मशीन बसलं तर?

तीनला दोन मिनिटं असताना नसीमचं नाव आलं. मग शाहीन. मग तरन्नुम. भाई ताडकन उभे राहिले. "ओढतंय! परकाश, ओढतंय बे!" त्यांनी डब्यावर उलटा हात ठेवला आणि मोठ्यांदा मोजलं. दहा. वीस. तीस. हात टिकला. मी टाळीच वाजवली. पिक्चर एकदाही अडला नाही. आत भाभी हसल्या, त्याच क्षणी परळीलाही, उदगीरलाही हसले असणार, असं वाटून मला गुदगुल्या झाल्या.

पण चौथं नाव येत नव्हतं.

"स्वयंपाकघर आवरत असंल," भाई म्हणाले. "चौदा माणसं." थोड्या वेळाने, "शुक्रवारी पाव्हणे बी येतात त्यांच्याकडं."  पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. पिक्चरकडे त्यांचं लक्ष नव्हतंच, ते नावांकडे बघत होते. नसीमचं मधे थांबलं. "बाळ उठलं तिचं." पुन्हा सुरू झालं. "निजलं." एवढ्यासाठी या माणसाने सहा महिने लातूरचे हेलपाटे घातले होते, हे मला तेव्हा कुठे कळलं.

चाळिसाव्या मिनिटाला रुबिनाचं नाव आलं.

भाईंचा चेहरा उजळला. "बसली. छोटी बसली." मग ते पुढे वाकले आणि नावापुढचे आकडे बघू लागले. तिघी चाळीस मिनिटांच्या आसपास. छोटी पहिल्या मिनिटावर.

"तिघींचं हसून झालंय," ते हळूच म्हणाले. "ही मागून एकटीच हसत येनार."

मी काही बोलायच्या आत त्यांनी हात वर केला आणि लाल बटण दाबलं.

पंखे थांबले. पानावरची नावं गेली. मी ओरडलोच, "भाई, काय केलं हे!" त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. मिनिटाभरात फोन वाजायला लागला. पहिली नसीम, तावातावाने. "अब्बा, बंद पड गया ना तुम्हारा मशीन!"

"लाइट गई थी बेटा. अब आ गई. सब जन शुरू से लगाओ. शुरू से, हां?"

मग शाहीन. मग तरन्नुम. प्रत्येकीला तेच. तिघीही वैतागल्या, हसल्या, बाळाचं सांगितलं, अब्बांच्या गुडघ्याचं विचारलं. शेवटी बिदरचा फोन आला. भाईंनी तो स्पीकरवर टाकला.

"लाइट गई थी बेटा," ते म्हणाले.

छोटीने कान देऊन ऐकलं. मग म्हणाली, "अब्बा, पीछे कूलर चल रहा है."

भाईंनी वळून कूलरकडे पाहिलं. इतका बेइमान माल त्यांनी आयुष्यात पाहिला नसावा. 

पलीकडे छोटी हसली. मग नाक ओढल्याचा आवाज आला, मग पुन्हा हसली. "लगाती हूँ, अब्बा. शुरू से. आप भी अम्मी के पास बैठो ना."

 भाईंनी हिरवं बटण दाबलं. चारी नावं एकाखाली एक आली, सगळी पहिल्या मिनिटावर. त्यांनी कुर्ता झटकला आणि पडदा सारून आत गेले.

तेवढ्यात मोटारसायकलवर मोटार बांधून एक शेतकरी दारात आला. "भाई हायेत का? जळालीय, आजच पायजे."

"लाइट न्हाई," मी म्हटलं. "सहाला या."

त्याने माझ्याकडे पाहिलं, घोंघावणाऱ्या कूलरकडे पाहिलं. आतून भाभी आणि भाई एकदमच मोठ्यांदा हसले. शेतकऱ्याने गाडी स्टँडला लावली आणि तो पायरीवर सावलीला टेकला.